चातुर्मासाचे पीक : घरची रताळी आणि सोंड्या भुंगा

वैद्यक व्यावसायिकांच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, सांधेदुखी अशा विषयांवरील लेख अपेक्षित असतात. त्यांच्या पंक्तीस रताळ्यावरील किडीचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु या लहानशा किडीचा संबंध आपल्या उपवासाच्या ताटाशी आहे, घरातील मुलाबाळांच्या सुरक्षिततेशी आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी रात्री-अपरात्री हाताळलेल्या विषबाधेच्या रुग्णांशीही आहे. दाना ओलीतील जुन्या वाड्याच्या परसात आणि वर गच्चीवर मी गेली काही वर्षे रताळी लावीत आहे. त्या अनुभवाला या विषयावरील शास्त्रीय माहितीची जोड देऊन हा लेख सिद्ध केला आहे. समाजबांधव आणि व्यवसायबंधू, दोघांनाही तो उपयोगी पडावा ही इच्छा.

रताळे आणि आपण

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत एकादशी, महाशिवरात्र आणि नवरात्र या दिवशी रताळ्यास मानाचे स्थान आहे. कीस, काप, गोड चकत्या, खीर असे त्याचे किती तरी प्रकार आपल्या माता-भगिनी करतात. थंडी सुरू झाली की लष्करच्या बाजारांत हातगाड्यांवर निखाऱ्यात भाजलेली शकरकंदी मिळू लागते. तिच्यावर लिंबू आणि मसाला घालून खाण्यात आपले हिंदी भाषक शेजारी आणि आपण यांत काहीच भेद उरत नाही. महाराष्ट्राच्या सीमेवरील बेळगाव परिसरात तर हे एक महत्त्वाचे नगदी पीक असून तेथील रताळी दूरदूरच्या बाजारपेठांत जातात.

गंमत अशी की, आपल्या उपवासाच्या पानातील रताळे, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कसावा, ही सर्वच मंडळी मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या काळात ती आपल्याकडे आली आणि आपल्या धर्मकृत्यांत अशी मिसळली की आता त्यांना परके म्हणवत नाही.

अलीकडे गच्चीवरील बागेची आवड वाढली आहे आणि त्यात रताळ्याचा वेल लोकप्रिय होत आहे. त्यास फार खत लागत नाही, पाने दाट व देखणी दिसतात आणि कोवळी पाने भाजी म्हणूनही चालतात. तथापि, चार महिने वेल हिरवागार वाढावा आणि खणल्यावर हाती आलेल्या कंदात मात्र काळी भोके आणि कडवट गंध निघावा, हा अनुभव अनेकांचा आहे. निराश होऊन काही जण लागवड सोडून देतात, आणि काही जण बाजारातून विषारी औषध आणतात. ही दुसरी वाट अधिक चिंतेची आहे.

शत्रूची ओळख

रताळ्याचा मुख्य शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. त्याचे शास्त्रीय नाव सायलस फॉर्मिकॅरियस. लॅटिन भाषेत 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी. फॉर्मिक ॲसिड हे नाव त्याच शब्दावरून आले, हे आपणांस ठाऊक आहेच. हा भुंगा सहा ते आठ मिलिमीटर लांब, सडपातळ आणि चकचकीत असतो. डोके व पाठ निळसर काळी, मधला भाग व पाय तांबूस. पुढे लांब सोंड. पहिल्या दृष्टिक्षेपात तो मोठ्या मुंगीसारखा दिसतो आणि म्हणूनच बहुतेक लोक त्याला मुंगी समजून सोडून देतात.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. मुंगी सतत लगबगीत असते. हा भुंगा संथपणे चालतो आणि बोट लावताच पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो. दिवसा तो पानांखाली वा मातीच्या फटीत दडतो. म्हणून त्याचा शोध रात्री विजेरी घेऊन करावा. शंका असल्यास भिंगातून पाहावे : सोंड दिसली तर निदान पक्के.

दाना ओलीच्या तर नावातच दाणा आहे. धान्यातील सोंडे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाहीत? रताळ्याचा भुंगा त्यांचाच लांबचा भाऊबंद. धान्यातील सोंड्याची मादी सोंडेने दाण्यास छिद्र पाडून आत अंडे घालते व वरून बूच लावते. रताळ्यावरील मादीही तेच करते. ती वेलाच्या बुडखात वा कंदावर लहानसा खळगा कोरते, त्यात एकच अंडे ठेवते आणि स्वतःच्या विष्ठेने ते झाकून टाकते. सुमारे आठवडाभरात पांढरी, पाय नसलेली अळी बाहेर येते आणि कंदात बोगदे करीत दोन-तीन आठवडे खात राहते. मग तेथेच कोष आणि कोषातून पुढचा भुंगा. उष्ण हवेत अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा हा प्रवास साधारण एक महिना ते पाच आठवड्यांत पूर्ण होतो. थंडीत त्यास अधिक काळ लागतो. मादी दोन-तीन महिने जगते आणि त्या अवधीत शंभराहून अधिक अंडी घालू शकते. म्हणजेच चार महिन्यांच्या पिकात या किडीच्या दोन-तीन पिढ्या सहज होतात. सुरुवातीस आलेले दोन-चार भुंगे काढणीच्या वेळी किती होतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट

आता या लेखाचे सार एका वाक्यात सांगतो : या भुंग्यास माती उकरता येत नाही.

त्याची सोंड कंद कोरण्यास समर्थ आहे, पण त्याचे पाय जमीन खणण्यासाठी घडलेले नाहीत. कंद मातीखाली नीट झाकलेला असेल तर भुंगा त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. मातीस भेग पडली, अथवा वाढणाऱ्या कंदाने माती वर ढकलून आपले डोके उघडे पाडले, तरच त्यास वाट मिळते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर निरोगी माती ही कंदाची त्वचा आहे आणि भेग ही जखम. जखम उघडी ठेवून वरून प्रतिजैविकांचा मारा करणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणू? रताळ्याच्या बाबतीत भेग उघडी ठेवून फवारणी करणे याच जातीचे आहे.

आता आपल्या ग्वाल्हेरचे हवामान पाहा. येथील पाऊस जून अखेर ते सप्टेंबर अखेर पडतो. तोपर्यंत माती ओली व मिटलेली असते. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस परततो, ऊन कडक असते आणि माती वाळून भेगाळू लागते. नेमक्या याच वेळी कंद फुगत असतात आणि मातीस आतून रेटा देत असतात. वरून ऊन आणि आतून कंद अशा दुहेरी कारणांनी ऑक्टोबर महिन्यात भेगा पडतात, आणि तोवर भुंग्यांची संख्याही वाढलेली असते. म्हणून आपल्या भागात ऑक्टोबर हा रताळ्याच्या दृष्टीने खरा परीक्षेचा महिना होय. ज्यांनी हा महिना सांभाळला त्यांचे पीक बहुतांशी वाचले, असा माझा अनुभव आहे.

चार दारे आणि त्यांची कुलुपे

साथीच्या रोगाचा विचार करताना आपण रोगाचा उगम, त्याचा आश्रय आणि प्रसाराचा मार्ग यांचा शोध घेतो. येथेही तीच दृष्टी ठेवली तर किडीस आत येण्याची चार दारे दिसतात.

पहिले दार : लागवडीचे बेणे. भुंगा फार दूर उडत नाही. नव्या जागी तो बहुधा वेलाच्या तुकड्यांतून, म्हणजे आपल्याच हातांनी येतो. मादी अंडी घालण्यासाठी वेलाचा जुना, जाड, बुडख्याकडील भाग पसंत करते. म्हणून लागवडीसाठी नेहमी शेंड्याकडील कोवळे, २० ते ३० सेंटिमीटर लांबीचे फाटे घ्यावेत. ज्या वेलाच्या कंदांत कीड निघाली होती, त्याचे बेणे कितीही टवटवीत दिसले तरी घेऊ नये. बाजारातील रताळे पाण्यात ठेवून कोंब काढण्याची पद्धत घरोघरी आहे. त्यात ते रताळे एकदा उभे चिरून त्याच जातीचे दुसरे तपासावे, आणि कोंब वाढल्यावर केवळ शेंडे कापून लावावेत. मूळ कंद मातीत पुरू नये.

दुसरे दार : मागील पिकाचे अवशेष आणि रानवेली. काढणीनंतर मातीत राहिलेले लहान कंद आणि वेलाचे तुकडे म्हणजे किडीची धर्मशाळा. ते वेचून काढावेत. त्याच वाफ्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी रताळी लावू नयेत. मधल्या काळात मेथी, पालक, वाटाणा असे काहीही घ्यावे. कुंपणावरची गारवेल ही रताळ्याच्याच कुळातील असून अशा वेलींवर भुंगा तग धरू शकतो. म्हणून रताळ्याच्या वाफ्याजवळ ती वाढू देऊ नये. ओढ्याकाठी माजणारी बेशरमही याच कुळातील आहे, तिची कुंपणे परसाजवळ नसलेली बरी.

कुंडीतील माती पुन्हा वापरायची असल्यास ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचा उपयोग करून घ्यावा. मे महिन्यात माती ओलसर करून पसरावी, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा दाबून टाकाव्यात आणि चार ते सहा आठवडे तशीच ठेवावी. ज्या उन्हाला आपण रोज नावे ठेवतो, ते माती शुद्ध करण्याचे काम फुकट करते.

तिसरे दार : भेगा. हे मुख्य दार. लागवडीनंतर सुमारे एक महिन्याने आणि पुन्हा दोन महिन्यांनी वेलाच्या बुडाशी मातीची भर द्यावी. कंदाचे डोके उघडे दिसल्यास त्याच दिवशी झाकावे. बुडाशी वाळलेली पाने, उसाचे पाचट वा गवताचे तीन-चार बोटे जाड आच्छादन घालावे, म्हणजे ओल टिकते. पाऊस थांबल्यावर आठवड्यातून एकदा, कुंडीत असल्यास दोन-तीनदा, पाणी द्यावे. पाणी साचू मात्र देऊ नये. निव्वळ काळ्या चिकण मातीस भेगा लवकर पडतात. तीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड घातल्यास हितच होते. कुंडी खोल घ्यावी, कारण वरवर पोसणारे कंदच आधी किडीस बळी पडतात.

चौथे दार : लांबलेली काढणी. तयार झालेले पीक 'आणखी थोडे मोठे होईल' म्हणून जमिनीत ठेवणे हे किडीस आमंत्रण आहे. रताळी साधारणतः ९० ते १२० दिवसांत तयार होतात. आपले पंचांग येथे सुंदर उपयोगी पडते. आषाढी एकादशीस लागवड केली, तर दसऱ्यास सुमारे ८८ दिवस होतात, वसुबारसेस १०४ आणि कार्तिकी एकादशीस ११८. म्हणजे रताळे हे खऱ्या अर्थाने चातुर्मासाचे पीक आहे. दसऱ्यानंतर एखादे झाड खणून पाहावे, कंद भरले असतील तर वसुबारसेच्या सुमारास काढणी करावी, आणि कार्तिकी ही शेवटची मर्यादा मानावी. मात्र २०२३ साली श्रावण अधिक आला होता, तसा चातुर्मासात अधिक महिना आल्यास सण पुढे जातात. अशा वर्षी दिवसच मोजावेत.

सापळा : तापमापक, औषध नव्हे

या भुंग्याच्या मादीचा गंध कोणत्या रसायनामुळे आहे, हे अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केले. तो गंध कृत्रिमरीत्या तयार करून कामगंध सापळे बनविले जातात. भारतात या विषयावर महत्त्वाचे कार्य तिरुवनंतपुरमजवळील श्रीकार्यम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने केले आहे. ही संस्था १९६३ साली स्थापन झाली. केशरी गराची 'भू सोना' आणि जांभळ्या गराची 'भू कृष्णा' या जातीही तिच्याच.

सापळ्यात केवळ नर येतात. ज्या माद्यांचे मीलन होऊन गेले आहे त्या अंडी घालीतच राहतात. त्यामुळे परसातील एका सापळ्याने कीड संपेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचा खरा उपयोग तापमापकासारखा. सापळ्यात भुंगे दिसू लागले की ताप चढला असे समजून भेगा बुजविणे, भर देणे व काढणी लवकर करणे ही कामे हाती घ्यावीत.

किडीचे समूळ उच्चाटन होऊच शकत नाही असे नव्हे. जपानच्या ओकिनावा भागातील कुमे या बेटावर किरणोत्साराने वंध्य केलेले भुंगे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने सोडण्यात आले आणि २०१३ साली तेथून ही कीड नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. क्यूबामध्ये शेतकऱ्यांनी केळीच्या खुंटांच्या तुकड्यांतून शिकारी मुंग्या रताळ्याच्या शेतांत नेऊन सोडल्या आणि त्यांनी किडीस आवर घातला. यातून आपणांस घेण्यासारखा एक बोध असा की, बागेतील खऱ्या मुंग्यांवर सरसकट पावडर टाकू नये. त्यांतील काही आपल्याच पहारेकरी असतात.

विषारी औषध का नको?

मागे आमच्या शेजारच्या एक काकू माझ्याकडे सरबताची जुनी बाटली घेऊन आल्या. आत पांढुरके द्रव्य होते. "डॉक्टरसाहेब, रताळ्यावर मारायला दिलंय. किती थेंब घालू?" असा त्यांचा प्रश्न. बाटलीवर ना नाव, ना मात्रा, ना विषाची खूण. घरात तीन आणि पाच वर्षांची नातवंडे. ती बाटली ओट्याखालच्या फळीवर, काकवीच्या बरणीशेजारी ठेवलेली होती. मी त्यांस थेंब सांगितले नाहीत. बाटली घराबाहेर कुलुपात ठेवावयास लावली आणि भर देण्याची रीत दाखविली. त्या वर्षी त्यांचे निम्म्याहून अधिक पीक चांगले निघाले.

या भुंग्याविरुद्ध घरी फवारणी निरुपयोगी का, याचे कारण त्याच्या जीवनक्रमातच आहे. अळी आणि कोष या अवस्था कंदाच्या वा वेलाच्या आत असतात. स्पर्शजन्य औषध तेथे पोहोचतच नाही. जे आंतरप्रवाही औषध तेथे पोहोचते, ते ज्या कंदात पोहोचते तोच कंद आपण एकादशीस खाणार असतो. शेतावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या प्रतीक्षाकाळासह होणाऱ्या वापराची गोष्ट वेगळी. परसात आणि गच्चीवर तशी शिस्त सांभाळली जात नाही.

जुन्या पुस्तिका पाहून कोणी फोरेटचे दाणे मातीत मिसळण्याचा सल्ला दिल्यास तो मानू नये. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस यांवर आपल्या देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच मनाई झाली होती. तरीही जुलै २०१३ मध्ये बिहारमधील छपऱ्याजवळच्या शाळेत मध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली, आणि स्वयंपाकाच्या तेलात हेच विष सापडले. २०१७ साली आपल्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. ही उदाहरणे घाबरविण्यासाठी देत नाही. बागेची बाटली आणि स्वयंपाकघराची बाटली यांत अंतर ठेवावे, एवढेच सांगावयाचे आहे.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. लाल व पिवळ्या त्रिकोणाची वस्तू राहत्या घरात येऊच देऊ नये, आणि कोणतेही औषध मूळ वेष्टनातून दुसऱ्या बाटलीत ओतू नये.

दुर्दैवाने विषबाधा झालीच, तर समाजबांधवांनी लक्षात ठेवावे : रुग्णास मोकळ्या हवेत आणावे, कपडे बदलून अंग साबण-पाण्याने धुवावे, वांती करवू नये, आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. व्यवसायबंधूंस टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, लाळ, घाम, मंद नाडी, छातीतील घरघर आणि स्नायूंची फडफड ही लक्षणे व ॲट्रोपिनचे महत्त्व मी सांगावे असे नाही. एवढीच विनंती की, अशा लक्षणांच्या शहरी रुग्णासही 'घरी बाग आहे का?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

कडू रताळे खाऊ नये

वैद्यकीय दृष्ट्या आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. भुंग्याची अळी वा बुरशी यांचा उपद्रव झाला की रताळे स्वसंरक्षणासाठी काही कडू द्रव्ये तयार करते. त्यांपैकी इपोमिअमॅरोन हे प्राण्यांच्या यकृतास अपायकारक आहे. बुरशी लागलेल्या रताळ्यांत ४-इपोमिअनॉल हे द्रव्य तयार होते. ते फुप्फुसांवर आघात करते आणि अशी रताळी खाल्ल्याने गुरे श्वास कोंडून दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. फुप्फुसाच्या पेशींवरील याच परिणामामुळे १९९० च्या दशकात अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगावर त्याची चाचणी झाली. परंतु माणसात ते यकृतासच बाधक ठरले आणि तो मार्ग सोडून द्यावा लागला.

तात्पर्य असे की, किडके रताळे 'तेवढा भाग काढून' वापरण्याची आपली काटकसरी सवय येथे बदलावी. डागाच्या लगतच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या भागातही ही द्रव्ये असू शकतात, आणि शिजविल्याने ती पूर्णपणे नाहीशी होतात असे मानता येत नाही. बोगदा दिसला वा घास कडू लागला तर ते रताळे टाकून द्यावे. उपवासाच्या दिवशी पान टाकू नये या भावनेने वडीलधारी मंडळी कडू कीसही संपवितात. त्यांस प्रेमाने समजवावे. असे कंद गाईपुढेही टाकू नयेत. कचऱ्याच्या खतातही घालू नयेत, कारण तेथून भुंगे बाहेर पडतात. काळ्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावेत, अथवा जाळून टाकावेत.

काढणीनंतर

चांगले कंद खणताना त्यांस जखम होऊ देऊ नये. ते धुवू नयेत. सावलीत, गोणपाटाखाली पाच-सात दिवस ठेवावेत, म्हणजे साल घट्ट होते व लहान जखमा भरतात. नंतर हवेशीर, थंड जागी ठेवावेत. शीतकपाटात कच्ची रताळी ठेवू नयेत, त्यांस थंडी बाधते. आठवड्यातून एकदा तपासणी करावी. एका किडक्या कंदातून निघालेले भुंगे टोपलीतील बाकीच्या कंदांतही अंडी घालतात.

पानांवरील इतर किडी

पाने कुरतडणाऱ्या शिंगाळ्या अळ्या, कासवासारखे गोल चकचकीत भुंगेरे आणि पांढरी माशी याही वेलावर दिसतात. त्यांची फार धास्ती घेऊ नये. रताळ्याचा वेल जोमदार असतो, थोडी पाने गेली तरी कंदाचे विशेष बिघडत नाही. अळ्या हाताने वेचाव्यात. पांढरी माशी वा मावा वाढल्यास पाण्याची जोरदार धार किंवा निंबोळी अर्क पुरतो. पाने वाकडीतिकडी, ठिपकेदार व खुजी होत असतील तर तो विषाणूरोग असण्याचा संभव असतो. अशा वेलाचे बेणे पुढे घेऊ नये.

वर्षाचे वेळापत्रक

मे : मातीस ऊन देणे, जुने अवशेष व रानवेली काढणे.
आषाढी : निरोगी वेलाचे शेंडे लावणे, निंबोळी पेंड मिसळणे.
श्रावण : पहिली भर, आच्छादन.
भाद्रपद : दुसरी भर, उघडे कंद झाकणे, सापळा लावणे.
आश्विन : भेगांवर रोज नजर, नियमित पाणी, दसऱ्यानंतर एक झाड खणून पाहणे.
वसुबारस ते कार्तिकी : काढणी, निवड, किडक्या कंदांचा नाश.

शंका असल्यास आपल्या गावातच २००८ पासून राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास संकोच करू नये.

आपल्या व्यवसायात औषध लिहून देणे सोपे आणि पथ्य पाळावयास लावणे कठीण. रताळ्याच्या बाबतीतही रुग्णाच्या नातेवाइकांप्रमाणेच बागकाम करणाऱ्यांस बाटली हवी असते. त्यांच्या हाती आपण मूठभर माती द्यावी आणि सांगावे की, भेग बुजवा. यंदाच्या आषाढीस वाचकांपैकी दहा-वीस घरांनी जरी या रीतीने वेल लावला आणि कार्तिकीस निर्विष, गोड रताळी देवापुढे ठेवली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.